सिबियू की हेर्मानश्टाट? मध्ययुगीन जर्मन वसाहतींच्या अभ्यासाची सुरुवात कशी करावी

रोमेनियातील सिबियू शहरात शिरताना रस्त्याकडेच्या पाटीवर दोन नावे दिसतात: सिबियू आणि हेर्मानश्टाट. जुन्या हंगेरियन नकाशात हेच शहर नॉजसेबेन असते. पोलंडमधील व्रोत्सवाफ जर्मन कागदपत्रांत ब्रेस्लाउ म्हणून भेटते, आणि स्लोव्हाकियातील लेवोचा लॉइटशाउ म्हणून. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मध्य युरोपात गेलेल्या मराठी माणसाला या जोडनावांचे कुतूहल वाटते, तो थोडे वाचू लागतो आणि पहिल्याच आठवड्यात गोंधळून जातो. माझेही तसेच झाले. नोकरीनिमित्त मी काही वर्षे पोलंडच्या नैऋत्येकडील सिलेसिया प्रांतात राहत होते, आणि शनिवार-रविवारच्या भटकंतीतून हा नाद लागला. त्या काळात ज्या चुका माझ्या हातून झाल्या, त्या इतरांच्या होऊ नयेत एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

विषय थोडक्यात असा: साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान ऱ्हाइनचा प्रदेश, फ्लँडर्स, हॉलंड, सॅक्सनी, थुरिंगिया इत्यादी भागांतील शेतकरी, कारागीर, व्यापारी, खाणकामगार आणि भिक्षू एल्ब व साले या नद्यांच्या पूर्वेकडे सरकत गेले आणि बाल्टिकच्या किनाऱ्यापासून थेट आजच्या रोमेनियातील ट्रान्सिल्व्हेनियापर्यंत त्यांनी गावे आणि शहरे वसवली. जर्मन भाषेत याला ‘ओस्टझीडलुंग’, म्हणजे पूर्वेकडील वसाहत, असे म्हणतात. ही कोणा एका राजाची योजना नव्हती. स्थानिक राजे, सरदार, बिशप आणि मठ यांनी आपापल्या गरजेनुसार, आपापल्या अटींवर माणसे बोलावली, आणि त्यातले बरेचसे बोलावणारे स्वतः स्लाव्ह किंवा हंगेरियन होते.

१. एकच जागा निवडा

मी सुरुवात मोठ्या ग्रंथांपासून आणि बाणांच्या नकाशांपासून केली. पश्चिमेकडून निघालेले जाडजूड बाण पूर्वेकडे घुसताना दाखवणारे हे नकाशे पाहिले की सगळे समजल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात काहीच समजलेले नसते, कारण बाणाला ना सनद असते, ना शेत, ना शेजारी. सहा-सात महिने वाया घालवल्यानंतर मी एक गाव धरले आणि मग गोष्टी सुटू लागल्या.

जागा निवडताना तीन प्रश्न विचारावेत. त्या जागेची मध्ययुगीन सनद किंवा नोंद छापील स्वरूपात उपलब्ध आहे का? जुनी आखणी जमिनीवर आजही दिसते का? आणि त्या भागाविषयी वाचण्यासाठी लागणाऱ्या भाषांपैकी एखादी तरी तुम्हाला येते का? पहिल्या दोन प्रश्नांना होकार असेल तर तिसऱ्यावर तडजोड चालते.

नवख्यांना मी सिलेसिया आणि ट्रान्सिल्व्हेनिया हे दोन प्रदेश सुचवते. सिलेसियात पिआस्त घराण्यातील पोलिश सरदारांनी, विशेषतः १२०१ ते १२३८ या काळात राज्य केलेल्या दाढीवाल्या हेन्रीने, वसाहतीला जोर दिला. त्याने सोन्याच्या खाणींजवळच्या झ्वोतोरियाला, म्हणजे जर्मन गोल्डबेर्गला, १२११ मध्ये नगराचे हक्क दिले. ट्रान्सिल्व्हेनियात हंगेरीचा राजा दुसरा गेझा (१९४१ नव्हे, ११४१ ते ११६२, माझ्या पहिल्या टिपणात ही चूक खरोखर होती) याने पाहुणे बोलावले. बाल्टिककडील ल्युबेकचा परिसर, बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेकियातील, खाणींची शहरे किंवा प्रशियाचा प्रदेश हेही विषय उत्तम आहेत, पण प्रशियात धर्मयुद्ध, लष्करी संघ आणि वसाहत इतके एकमेकांत गुंतलेले आहे की पहिल्याच प्रयत्नात ते सोडवणे कठीण जाते.

२. साधने जमवा

बहुतेक गोष्टी घरबसल्या आणि फुकट मिळतात. पुढील साधने हाताशी असावीत:

– छापील सनदांचे संग्रह. ट्रान्सिल्व्हेनियातील जर्मनांच्या सनदांचा संग्रह ट्रियर विद्यापीठाने इंटरनेटवर खुला केलेला आहे, आणि मध्ययुगीन इतिवृत्तांसाठी ‘मोनुमेंटा जर्मानिए हिस्टोरिका’ची अंकीय आवृत्ती आहे.
– लॅटिन शब्दकोश. व्याकरण पक्के नसले तरी चालेल. सनदांची भाषा ठरावीक साच्याची असते आणि साठ-सत्तर शब्दांत बरेच काम भागते.
– जुने मोजणीचे नकाशे. हॅब्सबुर्ग साम्राज्याची पहिली लष्करी मोजणी १७६३ ते १७८७ या काळात झाली. तिचे नकाशे आजच्या नकाशावर ठेवून पाहता येतात. प्रशियाच्या भागासाठी १:२५,००० प्रमाणाचे जुने जर्मन नकाशे वापरावेत.
– उपग्रहचित्रे आणि त्यांवर अंतर मोजण्याची सोय.
– एक साधी वही.

वहीला हसू नये. या विषयात एकाच गोष्टीला चार नावे असतात आणि स्मरणशक्ती तिथे दगा देते.

३. नावांचा तक्ता करा

वहीच्या पहिल्या पानावर रकाने आखावेत: आजचे नाव, जर्मन नाव, हंगेरियन किंवा चेक नाव, आणि सनदेतील लॅटिन रूप. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याशिवाय पुढे गेलात तर एकच गाव तुम्ही दोनदा मोजाल. मी मोजले होते.

नावांवरून निष्कर्ष काढताना मात्र हात आखडता ठेवावा. शेवटी ‘-डोर्फ’, ‘-वाल्डे’, ‘-हागेन’, ‘-रोडे’ असलेली नावे बहुधा जर्मन वसाहतीची खूण असतात, आणि त्यांतली शेवटची दोन कुंपण घालणे व जंगल तोडणे यांच्याशी संबंधित आहेत, हे खरे. पण बर्लिन, लाइपझिग, ड्रेस्डेन आणि ल्युबेक ही आज अस्सल जर्मन वाटणारी नावे स्लाव्ह मुळाची आहेत. उलट बाजूने पाहिले तर १९४५ नंतर पोलंडकडे आलेल्या प्रदेशात काही नावे नव्यानेच ठेवली गेली. सिलेसियातील राइशेनबाख हे मध्ययुगीन शहर १९४६ मध्ये झेर्झोन्युफ झाले, आणि ते नाव एकोणिसाव्या शतकात मधमाश्यांवर संशोधन करणारा धर्मगुरू यान झेर्झोन याच्यावरून आले आहे. आजच्या नावावरून तेराव्या शतकातील रहिवासी ओळखू पाहणाऱ्याची अशा ठिकाणी फसगत होते.

नावांतला सर्वांत बोलका प्रकार वेगळाच आहे. चेक प्रदेशात ‘ल्होता’ नावाची ३०० हून अधिक गावे आहेत, आणि पोलंडमध्ये ‘वोला’ पावलोपावली भेटते. ल्होता म्हणजे मुदत, वोला म्हणजे मोकळीक. नव्या वसाहतकऱ्यांना पहिली काही वर्षे सारा माफ असे; ती माफीच गावाच्या नावात गोठून राहिली. गंमत म्हणजे या गावांतले वसाहतकरी पुष्कळदा जर्मन नव्हतेच. पद्धत नवी होती, माणसे तिथलीच होती. हा मुद्दा सातव्या पायरीत पुन्हा येईल.

४. सनद वाचा, आणि सावकाश वाचा

सगळ्या अभ्यासाचा गाभा इथे आहे. वसाहतीच्या सनदेत पाच गोष्टी शोधाव्यात: कोण देतो, कोणाला देतो, किती जमीन देतो, किती वर्षे माफी आहे, आणि तंटा झाला तर न्याय कोण करणार. बाकीचा मजकूर, म्हणजे देवाचे स्मरण, साक्षीदारांची यादी, शापवचने, नंतर वाचला तरी चालेल.

उदाहरणादाखल ‘आंद्रेआनुम’ घ्यावे. हंगेरीचा राजा दुसरा अँड्र्यू याने १२२४ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातील जर्मनांना दिलेली ही सनद आहे. मूळ कागद उरलेला नाही. १३१७ मध्ये तिला पुन्हा मान्यता दिली गेली, तेव्हाच्या नकलेतून मजकूर आपल्यापर्यंत पोहोचला. अशी साखळी नेहमी तपासावी, कारण मूळ, नक्कल आणि बनावट यांचा दर्जा एकच नसतो. मठांनी आपल्या जमिनीवरचा हक्क सिद्ध करण्यासाठी जुन्या तारखेच्या खोट्या सनदा तयार केल्याची उदाहरणे भरपूर आहेत. छापील संग्रहाचे संपादक सनदेच्या माथ्यावर किंवा तळटिपेत तसा इशारा देतात, पण नवखा वाचक अधीरपणे थेट मजकुरावर उडी घेतो आणि तो इशारा निसटतो.

सनदेची सुरुवातच पाहण्यासारखी आहे. राजा या लोकांना ‘होस्पितेस’, म्हणजे पाहुणे, म्हणतो आणि आपला आजोबा गेझा याने त्यांना बोलावले होते असे सांगतो. गेझाची निमंत्रणाची सनद आज उपलब्ध नाही. नातवाच्या या वाक्यामुळेच आपण बोलावण्याचे श्रेय त्याला देतो. पुढे राजा म्हणतो की वारासपासून बोराल्टपर्यंतचे सर्व लोक एक जन मानले जावेत आणि एका न्यायाधीशाखाली असावेत. मग व्यवहार येतो. वर्षाला ५०० मार्क चांदी राजाच्या खजिन्यात भरायची. राज्याच्या आत मोहीम असेल तर ५०० सैनिक द्यायचे. राज्याबाहेर राजा स्वतः जात असेल तर १००, आणि तो एखाद्या सरदाराला पाठवत असेल तर ५०. त्या बदल्यात आपले धर्मगुरू आपण निवडायचे, व्यापाऱ्यांना जकात नाही, बाजार करमुक्त. आणि मीठ: वर्षातून तीन सणांच्या आसपास, दर वेळी आठ दिवस, बारीक मीठ मोफत उचलण्याची मुभा. माझ्यासाठी ही सनद जिवंत झाली ती या मिठाच्या ओळीपाशी. ५०० मार्कांचा आकडा दरबाराचा आहे. आठ दिवसांत बैलगाडी भरून मीठ आणायची घाई मात्र घराघरातली आहे.

याच सनदेत एक वाक्य असे आहे की ज्याच्यावरून उडी मारून पुढे जाऊ नये. वसाहतकऱ्यांना एका जंगलाचा आणि तिथल्या पाण्याचा वापर करू दिला आहे. पण ते जंगल व्लाख आणि पेचेनेग या तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकसमूहांचे आहे, आणि वापर त्यांच्याबरोबर सामाईक करायचा आहे. म्हणजे जमीन ओसाड नव्हती. शेजारी आधीपासून होते, आणि राजाला ते ठाऊक होते.

५. लोकातोर शोधा

पाच प्रश्नांतला ‘कोणाला’ हा प्रश्न सिलेसिया, बोहेमिया आणि पोलंडमध्ये बहुधा एका माणसापाशी नेऊन सोडतो. त्याला लॅटिनमध्ये ‘लोकातोर’ म्हणत. जमीनमालकाशी करार करणे, दूरच्या प्रदेशातून कुटुंबे गोळा करून आणणे, शेते आखून वाटून देणे आणि पहिल्या पिकापर्यंत सगळ्यांना तगवून धरणे, हे त्याचे काम. जोखीम त्याची, आणि मोबदलाही घसघशीत: गावप्रमुखाचे वंशपरंपरागत पद, साऱ्यापासून मुक्त असलेली काही शेते, न्यायदानातील दंडाचा सामान्यतः एक तृतीयांश वाटा, आणि पुष्कळदा गिरणी व दारूचा पिठा चालवण्याचा हक्क. गावप्रमुखाला जर्मनमध्ये शुल्टहाइस म्हणत. शुल्झ, शुल्त्स, शोल्झ ही आजची आडनावे तिथूनच आली.

हे दृश्य डोळ्यांनी पाहायचे असेल तर ‘झाक्सनश्पीगेल’ या कायदेग्रंथाची हायडेलबर्गची सचित्र हस्तलिखित प्रत उघडावी. आइके फॉन रेपगो याने साधारण १२२० ते १२३५ च्या दरम्यान हा ग्रंथ रचला. त्याच्या चार सचित्र प्रती उरल्या आहेत, आणि हायडेलबर्गची प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवली आहे. तिच्यात एका चित्रात जमीनमालक गावप्रमुखाच्या हाती मोहोर लटकणारी सनद देतो आहे, आणि शेजारीच माणसे झाडे तोडत आहेत, घर उभारत आहेत. कागद आणि कुऱ्हाड एकाच चौकटीत.

आपल्याकडील पेशवेकालीन कागद ज्यांनी चाळले असतील त्यांना यात ओळखीचे काही भेटेल. पडीक जमीन लागवडीस यावी म्हणून दिलेला कौल, पहिल्या वर्षी नाममात्र सारा घेऊन पुढे तो टप्प्याटप्प्याने चढवणारा इस्तावा, पेठ वसवणाऱ्याला मिळणारे शेटेपण, हे सगळे त्याच जातीचे व्यवहार आहेत. समजून घेण्यापुरते हे साम्य जरूर वापरावे. टिपणात मात्र लोकातोरला ‘पाटील’ किंवा ‘जमीनदार’ लिहू नये. मी तसे लिहिले, आणि पुढच्या सगळ्या वाक्यांत पाटीलकीचा अर्थ नकळत शिरत गेला. मूळ शब्दच ठेवावा आणि एकदा त्याचा अर्थ सांगावा.

जाता जाता हॅम्लिनच्या बासरीवाल्याविषयी, कारण हा प्रश्न सगळे विचारतात. १२८४ मध्ये बासरीवाल्याच्या मागे गेलेली १३० मुले या जर्मन शहरातून नाहीशी झाली अशी ती परंपरा. ही ‘मुले’ म्हणजे लोकातोरच्या मागे पूर्वेकडे गेलेले तरुण असावेत, असा एक तर्क मांडला जातो. तर्क आकर्षक आहे. पण तो सिद्ध झालेला नाही, म्हणून त्याला अभ्यासाचा पाया करू नये.

६. जमीन मोजा

आता उपग्रहचित्र उघडावे. सुडेटेन डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या सिलेसियन गावांवर नजर फिरवली तर ओढ्याच्या काठाने किलोमीटरच्या किलोमीटर लांबलेली गावे दिसतात. प्रत्येक घरामागून एक अरुंद पट्टा निघतो आणि सरळ डोंगरउतारावरच्या जंगलापर्यंत चढत जातो. या रचनेला जर्मनमध्ये ‘वाल्डहूफेनडोर्फ’ म्हणतात. जंगल तोडून वसवलेल्या गावाची ही खास आखणी. प्रत्येक कुटुंबाला पाणी, घरासाठी सपाटी, शेत, कुरण आणि जंगलाची कड हे सगळे एकाच पट्ट्यात मिळे.

पट्टा मोजून पाहावा. ‘हूफे’ हे एका शेतकरी कुटुंबाच्या जमिनीचे माप. लॅटिन सनदांत त्याला ‘मान्सुस’ आणि पोलिशमध्ये ‘वान’ म्हणतात. त्याचे दोन मुख्य प्रकार होते: फ्लेमिश हूफे सुमारे १६.८ हेक्टर, आणि जंगलप्रदेशात वापरला जाणारा फ्रँकोनियन हूफे सुमारे २४ हेक्टर. समजा, घरामागचा पट्टा १०० मीटर रुंद आणि २,४०० मीटर लांब भरला, तर २४ हेक्टर झाले. मोजणी इतकी नेमकी क्वचितच जुळते, कारण सातशे वर्षांत वाटण्या झाल्या, पट्टे जोडले गेले, रस्ते गेले. तरीही तीन-चार पट्टे मोजल्यावर जेव्हा आकडे त्याच घरात येऊ लागतात, तेव्हा सनदेतला ‘मान्सुस’ हा कोरडा शब्द राहत नाही.

शहरांत हीच शिस्त चौकोनात दिसते. क्राकूफला नवी नगरसनद मिळाली ती ५ जून १२५७ रोजी. १२४१ च्या मंगोल स्वारीत शहराची वाताहत झाली होती. तेव्हा आखलेला मुख्य चौक बाजूला सुमारे २०० मीटर आहे आणि त्याभोवती रस्त्यांची जाळी पसरलेली आहे. त्या जाळीत न बसणारा, तिरका जाणारा एक रस्ता आहे: ग्रोड्झ्का. तो आखणीच्या आधीपासूनचा. अशा वाकड्या रेषा नकाशावर मुद्दाम शोधाव्यात. नव्या शहराखाली जुनी वस्ती होती याचा पुरावा बहुतेक वेळा त्याच देतात.

७. कायदा, माणूस आणि भाषा वेगवेगळ्या रकान्यांत लिहा

नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथे होते. सनदेत ‘यूरे तेउतोनिको’, म्हणजे जर्मन कायद्याने, असे वाचले की गाव जर्मनांनी वसवले असे गृहीत धरले जाते. जर्मन कायदा म्हणजे हक्क आणि कर्तव्यांचा एक संच होता: ठरलेला सारा, वारसाहक्क, स्वतःचे न्यायालय. तो पोलिश शेतकऱ्यांच्या गावालाही मिळू शकत असे आणि मिळत असे. माग्देबुर्ग या जर्मन शहराच्या कायद्याचा प्रवास तर माणसांच्या कितीतरी पुढे गेला. आजच्या युक्रेनमधील ल्विव्हला तो १३५६ मध्ये मिळाला आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस थेट कीव्हला. त्याचा अर्थ कीव्ह जर्मन शहर झाले असा कोणी करणार नाही. त्याच १३५६ मध्ये पोलंडचा राजा तिसरा कासिमिर याने क्राकूफच्या किल्ल्यात जर्मन कायद्याचे वरिष्ठ न्यायालय स्थापले, कारण आपल्या प्रजेने अपील घेऊन माग्देबुर्गला जावे हे त्याला मान्य नव्हते. कायदा ठेवायचा, पण त्याचे शेवटचे टोक आपल्या हातात घ्यायचे. माग्देबुर्गचे स्वतःचे दप्तर १६३१ च्या जाळपोळीत नष्ट झाले, त्यामुळे तिथून दिले गेलेले निवाडे आज इतर शहरांच्या दप्तरांतून गोळा करावे लागतात.

लोकांना दिलेली नावेही फसवी असतात. ट्रान्सिल्व्हेनियातील जर्मनांना सॅक्सन म्हणतात, म्हणून मी त्यांचे मूळ सॅक्सनीत शोधत बसले. त्यांची बोली मात्र लक्झेंबर्ग आणि मोझेल नदीच्या परिसरातील बोलींना जवळची आहे. सुरुवातीच्या सनदांत त्यांना जर्मन, फ्लेमिश आणि सॅक्सन अशी वेगवेगळी नावे येतात. त्यांतले शेवटचे टिकले, इतकेच.

भाषेचा रकाना भरताना दोन्ही दिशांनी पाहावे. पोलिशमध्ये गावप्रमुखाला आजही ‘सोवतिस’ म्हणतात, तो शुल्टहाइसच. तालुक्याखालच्या पातळीवरील ‘ग्मीना’, तिचा प्रमुख ‘वुइत’, नगरसभागृहाचा ‘रातुश’ आणि शहराचा चौक ‘रिनेक’ हे सगळे शब्द जर्मनमधून आलेले आहेत. उलट, सीमेसाठीचा जर्मन शब्द ‘ग्रेंत्से’ हा स्लाव्ह भाषांकडून घेतलेला आहे, आणि काकडीची ‘गुर्के’ही. कायद्याचे शब्द एका दिशेने गेले, शेताच्या बांधाचा आणि काकडीचा शब्द दुसऱ्या.

हे सगळे गुण्यागोविंदाने झाले असा समज करून घेऊ नये. क्राकूफच्या १२५७ च्या सनदेतच सरदाराच्या आणि चर्चच्या आश्रित पोलिश लोकांना नागरिक करून घेऊ नये अशी अट आहे. जमिनीवरचे मनुष्यबळ शहरात पळून जाईल ही भीती त्यामागे होती. आणि १३१२ मध्ये शहराच्या जर्मन वुइताचे बंड मोडल्यावर काय झाले, ते एका पोलिश इतिवृत्तात आहे: ‘सोचेविट्सा, कोवो, म्येले, म्विन’ हे शब्द ज्यांना नीट उच्चारता आले नाहीत त्यांना शिक्षा झाली. मसूर, चाक, दळतो, गिरणी. रोजच्या जेवणातले शब्द, आणि त्यांवर माणसाचा जीव टांगलेला.

८. आधीपासून राहणाऱ्यांची बाजू शोधा

बहुतेक सनदा देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या बाजूने बोलतात. तिसऱ्या बाजूसाठी इतिवृत्ते आणि मठांच्या वह्या वाचाव्या लागतात. उत्तर जर्मनीतील होल्श्टाइनचा काउंट दुसरा अडोल्फ याने ११४३ च्या सुमारास शेजारच्या वाग्रिया या स्लाव्ह प्रदेशात लोक बोलावले, त्याची हकिकत बोझाउचा धर्मगुरू हेल्मोल्ड सांगतो: जमीन ओस पडली होती म्हणून फ्लँडर्स, हॉलंड, उट्रेख्ट, वेस्टफालिया आणि फ्रिसलंडला दूत गेले. पण ती ओस का पडली? त्याच हेल्मोल्डने आधीच्या पानांवर युद्धांची वर्णने केली आहेत, आणि पुढे स्लाव्ह राजपुत्र प्रिबिस्लाव्ह याने करांच्या ओझ्याविरुद्ध केलेली तक्रारही नोंदवली आहे. निमंत्रणाचा परिच्छेद तेवढा सगळीकडे उद्धृत होतो. तक्रारीचा क्वचित. दोन्ही वाचावेत.

सिलेसियातील हेन्रिकुफच्या सिस्टर्शियन मठाने तेराव्या शतकात आपल्या जमिनींचा इतिहास एका ग्रंथात लिहून ठेवला, म्हणजे पुढे कोणी हक्क सांगायला आले तर उत्तर तयार असावे. मठ जर्मन भिक्षूंचा, भाषा लॅटिन. त्यात शेजारच्या एका गावाचे नाव ब्रुकालित्से कसे पडले याची गोष्ट येते. बोगुख्वाव नावाचा एक चेक माणूस तिथे राहत होता. बायको रोज जात्यावर बसलेली असे. एके दिवशी त्याला तिची दया आली आणि तो म्हणाला, ‘दाय, उत या पोब्रुसा, आ ती पोझिवाय’: दे, मी दळतो, तू जरा विसावा घे. पुरुषाने जाते ओढावे याचे शेजाऱ्यांना नवल वाटले आणि त्याला ‘ब्रुकाव’ हे टोपणनाव चिकटले. साधारण १२७० मध्ये कागदावर उतरलेले हे वाक्य लिखित पोलिशमधले पहिले वाक्य मानले जाते. हा ग्रंथ व्रोत्सवाफच्या आर्चडायोसीझ संग्रहालयात आहे आणि २०१५ पासून युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत त्याचा समावेश आहे.

९. ग्रंथ कधी लिहिला गेला ते आधी पाहा

या विषयावरचे कोणतेही पुस्तक उघडताना प्रकाशनाचे वर्ष पाहावे. एकोणिसाव्या शतकात ‘पूर्वेकडे धाव’ ही घोषणा रूढ झाली, मध्ययुगीन शेतकऱ्यांना राष्ट्रवादाचे शिपाई बनवले गेले, आणि नाझी राजवटीने तर त्यांच्या नावावर आक्रमणाचे समर्थन केले. पोलिश आणि चेक इतिहासकारांनी त्याला दिलेली उत्तरेही काही वेळा दुसऱ्या टोकाला गेली. १९४५ नंतर पूर्वेकडील लाखो जर्मनांना घरे सोडावी लागली, त्यामुळे पन्नाशीच्या दशकातील लिखाणावर त्या जखमेची छाया आहे. जुने ग्रंथ टाकून देऊ नयेत, त्यांतली सनदांची माहिती पुष्कळदा भक्कम असते. विशेषणे मात्र वगळून वाचावीत. एकाच गावाविषयी एक जर्मन आणि एक पोलिश लेख शेजारी ठेवून वाचला तर फरक आपोआप दिसतो, आणि पोलिश येत नसेल तर यांत्रिक अनुवादही एवढ्या कामाला पुरतो.

आणखी एक सरमिसळ टाळावी. व्होल्गाकाठचे जर्मन हे १७६३ मधील रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या जाहीरनाम्यानंतर गेलेले, आणि डॅन्यूबकाठचे श्वाबियन हेही अठराव्या शतकातले. ही स्थलांतरे वेगळी आहेत. ट्यूटॉनिक संघ, म्हणजे धर्मयुद्धांतून निघालेला जर्मन लष्करी संघ, हाही म्हणजे सगळी वसाहत नव्हे: ट्रान्सिल्व्हेनियात तो जेमतेम १२११ ते १२२५ एवढाच काळ टिकला, आणि अँड्र्यूने, म्हणजे त्याच आंद्रेआनुमवाल्या राजाने, त्याला हाकलून लावले.

१०. मग जागेवर जा

भारतीय पारपत्रधारकांसाठी आता एक सोय झाली आहे: १ जानेवारी २०२५ पासून रोमेनिया पूर्णपणे शेंगेन क्षेत्रात आला आहे, त्यामुळे एकाच व्हिसावर पोलंड, चेकिया, स्लोव्हाकिया आणि ट्रान्सिल्व्हेनिया जोडता येतात. जाताना सनदेची छापील प्रत, नावांचा तक्ता आणि जुन्या नकाशाची नक्कल बरोबर घ्यावी. डोंगराळ गावांत मोबाइलचा भरवसा नसतो.

ट्रान्सिल्व्हेनियात पहिली भेट ब्राशोवजवळच्या प्रेज्मेरला द्यावी. तिथल्या चर्चभोवती सुमारे १२ मीटर उंचीची गोल तटबंदी आहे आणि तिच्या आतल्या अंगाला मजल्यावर मजला चढवत २७० हून अधिक खोल्या बांधलेल्या आहेत, लाकडी जिने आणि सज्जे यांनी जोडलेल्या. स्वारी आली की गाव आत यायचे, आणि प्रत्येक कुटुंबाची खोली ठरलेली असायची. हे तट वसाहतीच्या पहिल्या पिढीचे आहेत असे मात्र समजू नये. अशा तटबंद्या बहुतांशी नंतरच्या, ऑटोमन स्वाऱ्यांच्या काळात वाढल्या. बियेर्तान आणि विस्क्री ही गावेही युनेस्कोच्या यादीत आहेत, आणि विस्क्रीत गावाची जुनी रुंद गल्ली, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या दर्शनी भिंती आणि मागे जाणारी लांब परसे अजून स्पष्ट दिसतात.

या गावांत सॅक्सन कुटुंबे आता फार थोडी उरली आहेत. १९९० च्या सुमारास बहुतेक जण जर्मनीला निघून गेले. त्यामुळे प्रसिद्ध चार-पाच ठिकाणे सोडली तर चर्च सहसा बंद असते. दारावर चिठ्ठी असते, तिच्यावर किल्ली कोणत्या घरात आहे ते किंवा एखादा फोन क्रमांक लिहिलेला असतो. मी ज्या गावी गेले तिथे किल्ली दोन घरे पलीकडच्या एका रोमेनियन आजींकडे होती. त्या हातातले काम टाकून आल्या, त्यांनी कुलूप उघडले, आणि आतल्या बाकांवर कोणते कुटुंब कुठे बसायचे ते आडनावांसह मला सांगत गेल्या. दुपारी जेवणाच्या वेळी दार ठोठावू नये, आणि देणगीसाठी सुटे लेऊ, म्हणजे रोमेनियन पैसे, जवळ ठेवावेत. तिथे कार्ड चालत नाही.